ताईची कॅल्शियमची गोळी

गेल्या वर्षी जूनमध्ये सांगलीहून दाजींचा फोन आला तो भलत्याच वेळी. आपल्याकडे पहाटेचे सहा, तिकडे साडेदहा. अशा वेळचा फोन म्हटलं की परदेशात राहणाऱ्या आपल्यासारख्यांच्या पोटात आधी गोळा येतो आणि मग हात फोनकडे जातो. "घाबरू नकोस," दाजी म्हणाले, "ताई बाथरूममध्ये घसरली. उजवं मनगट मोडलंय. प्लास्टर घातलंय."

मनगट काय, जुळून येतं. पण ताईची दोन वर्षांपूर्वी स्तनाच्या कॅन्सरची शस्त्रक्रिया झालेली. त्यामुळे माझा पुढचा प्रश्न ठरलेला होता. एक्स-रेमध्ये हाडात आणखी काही दिसलं का? नाही, तसलं काही नाही. फक्त डॉक्टर म्हणाले, हाडं फार विरळ झाली आहेत, या बाई कॅल्शियम घेतात ना?

मग फोन ताईकडे गेला. लेट्रोझोलची गोळी ती रोज घेते, एक दिवस चुकलेला नाही. आणि कॅल्शियम?

जरा वेळ काहीच आवाज नाही.

"ते बंद केलं की गं. दिवाळीपासनं. तूच म्हणाली होतीस."

मी? मी कधी? आणि मग आठवलं. आदल्या दिवाळीत व्हिडिओ कॉल चालू होता. ताई करंज्या लाटत होती, फोन तिने डब्याला टेकवून ठेवलेला. भाचीने विचारलं, "मावशी, तू लॅबमध्ये नक्की करतेस तरी काय?" मी लंडनमधल्या एका कॅन्सर संशोधनाच्या प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शक सांभाळते, गेली एकोणीस वर्षं. घरी कुणी कामाबद्दल विचारलं की एका वाक्यात सांगून मोकळं व्हायची सवय लागली आहे. मी ऐटीत म्हणाले, "कॅन्सरच्या पेशी कॅल्शियम आत घेतात आणि त्याच्या जोरावर पसरतात. ते कसं थांबवायचं ते आम्ही बघतो."

भाचीने "भारी!" म्हणून विषय बदलला. ताईने लाटणं खाली ठेवलं नाही, काही विचारलंही नाही. पण दुसऱ्या दिवशीपासून तिने कॅल्शियमची गोळी सोडली, दूध सोडलं आणि आईच्या वेळेपासून घरात चालत आलेली नाचणीची आंबीलही सोडली. कॅन्सरला खाऊ घालायचं नाही म्हणून. आठ महिने. कुणाला सांगितलं नाही, कारण घरातल्या शास्त्रज्ञ बहिणीनेच सांगितलं म्हटल्यावर आणखी कुणाला काय विचारायचं?

माझं ते वाक्य खोटं नव्हतं, अर्धं होतं. उरलेलं अर्धं सांगायला हा लेख. गणपतीत आपल्या मंडळात मी हा किस्सा सांगितला, तेव्हा आरतीनंतर तीन जणींनी वेगवेगळं गाठून हळूच विचारलं की मग दूध घ्यायचं की नाही. म्हणजे प्रश्न एकट्या ताईचा नाही.

सुरुवात आपल्या स्वयंपाकघरातून करते. लंडनला नव्याने आलेल्या प्रत्येक मराठी बाईला पहिल्या महिन्यात दोन शोध लागतात. एक, किटलीच्या तळाशी पांढरा थर साचतो. दोन, तूरडाळ सांगलीपेक्षा दोन शिट्ट्या जास्त मागते. दोन्हींमागे एकच कारण. इथलं पाणी खडूच्या दगडातून झिरपून येतं आणि सोबत भरपूर कॅल्शियम घेऊन येतं. तेच डाळीतल्या पेक्टिनला घट्ट धरून बसतं, म्हणून डाळ लवकर मऊ होत नाही.

याच पाण्याने शरीरशास्त्रातला एक मोठा शोध लावून दिला. सिडनी रिंगर हे युनिव्हर्सिटी कॉलेजचे डॉक्टर. बेडकाचं हृदय शरीराबाहेर, मिठाच्या पाण्यात किती वेळ चालतं यावर त्यांचे प्रयोग चालले होते. १८८२ साली त्यांनी छापलं की साध्या मिठाच्या पाण्यात ते छान चालतं. नंतर त्यांच्या लक्षात आलं, की ते द्रावण ऊर्ध्वपातित पाण्यात केलेलंच नव्हतं. न्यू रिव्हर कंपनीचं नळाचं पाणी वापरलं गेलं होतं. शुद्ध पाणी घेऊन प्रयोग पुन्हा केला तर हृदयाचे ठोके मंदावत जाऊन थांबले. त्यात कॅल्शियम घातलं आणि ते पुन्हा चालू लागलं. १८८३ साली रिंगरनी आपलं आधीचं म्हणणं त्याच नियतकालिकात, नळाच्या कंपनीच्या नावासकट, जाहीरपणे दुरुस्त केलं. ते वाचताना मला हल्ली जरा लाजल्यासारखं होतं. मला माझी दुरुस्ती करायला मनगट मोडावं लागलं, आणि तेही ताईचं.

ती न्यू रिव्हर म्हणजे १६१३ साली हर्टफर्डशरमधून खणून आणलेला कालवा. अजून वाहतो. आम्ही एनफिल्डला राहतो, तिथे त्याच्या काठाने मी चालायला जाते. आणि रिंगरचं नाव महाराष्ट्रातल्या प्रत्येक दवाखान्यात लटकलेलं असतं. 'आरएल लावलंय' म्हणतात ना, ते रिंगर लॅक्टेट. ताईच्या शस्त्रक्रियेनंतर तिच्या खाटेशी मी दोन रात्री त्याच बाटलीचे थेंब मोजत बसले होते.

तर हृदयाच्या पेशींना कॅल्शियम लागतं. पण किती, आणि कुठे? इथून पेशीचा कारभार चालू होतो.

पेशीच्या बाहेर, रक्तात आणि पेशींमधल्या पाण्यात, जेवढं मोकळं कॅल्शियम असतं त्याच्या साधारण दहा हजारांत एक भाग पेशीच्या आत असतो. आषाढीला वाळवंटात दहा हजार माणसं उभी आहेत आणि गाभाऱ्यात एकच, असं समजा. इतका फरक कशाला? पेशीचा सगळा ऊर्जाव्यवहार फॉस्फेटवर चालतो, आणि कॅल्शियम-फॉस्फेट एकत्र आले की किटलीतल्या थरासारखा खडा धरतो. म्हणून पेशी कॅल्शियमला आत टिकू देत नाही. पटलावरचे पंप रात्रंदिवस ते बाहेर फेकतात, आणि उरलंसुरलं आंतर्द्रव्यजालिका नावाच्या आतल्या कोठारात भरून ठेवतात.

याचा एक मोठा फायदा होतो. गाभाऱ्यात सामसूम असली की एक घंटा वाजली तरी सगळ्यांना ऐकू येते. आत कॅल्शियम जवळजवळ नसतंच, म्हणून ते थोडंसं आलं तरी पेशीला निरोप मिळतो. आकुंचन पाव, अमुक जनुक चालू कर, दोन हो, चालू लाग, मर. हे सगळे निरोप एकच कॅल्शियम देतं. कुठला निरोप, हे ते किती वेळ आलं, किती लाटांनी आलं आणि मुख्य म्हणजे कुठून आत आलं यावर ठरतं. ऑक्सफर्डमध्ये अनंत पारेख यांच्या प्रयोगशाळेने दाखवलं, की पेशीभर पसरलेल्या कॅल्शियमने जे जनुक जागं होत नाही, ते एका विशिष्ट दाराच्या तोंडाशी साचलेल्या कॅल्शियमच्या ढगाने जागं होतं. दारापासून काही नॅनोमीटर एवढाच त्या ढगाचा मुलूख.

आता हे दार ज्या भिंतीत आहे ती भिंत बघू. पेशीपटल म्हणजे स्निग्ध रेणूंचा दुहेरी थर, जेमतेम पाच नॅनोमीटर जाड. आपल्या एका केसाच्या जाडीत असे दहा हजारांहून जास्त थर मावतील. १९७२ साली सिंगर आणि निकोल्सन यांनी सांगितलं, की हे पटल दगडी भिंतीसारखं नाही. ते आमटीवरच्या तवंगासारखं आहे आणि त्यात प्रथिनं तरंगत फिरतात. मी शिकले तेव्हा हाच धडा होता. पुढे १९९७ मध्ये सायमन्स आणि इकोनेन यांनी त्यात भर घातली. हा तवंग सगळीकडे सारखा नाही. कोलेस्टेरॉल आणि काही खास स्निग्ध रेणू जिथे एकत्र येतात तिथे जरा घट्ट, शिस्तीत बसलेले तुकडे तयार होतात. इंग्रजीत त्यांना तराफे म्हणतात. मला मात्र पहिल्यांदा वाचताना आईचं रवाळ तूप आठवलं. थंडीत बरणीतल्या पातळ तुपात कणीदार रवा धरतो, तसं. फरक एवढाच, की तुपातला रवा बरणीत बसून राहतो आणि पेशीतला क्षणात जमतो, क्षणात विरतो. तो इतका छोटा असतो, की माझ्या साध्या सूक्ष्मदर्शकाखाली दिसत नाही. त्यामुळे तो खरंच आहे की नाही यावर परिषदांमध्ये लोक एकमेकांवर आवाज चढवताना मी पाहिले आहेत.

ज्यावर भांडण नाही अशी एक रचना आहे. पटलाला जागोजागी आतल्या बाजूला बारीक खळगे पडलेले असतात, ५० ते १०० नॅनोमीटरचे. १९५३ साली जॉर्ज पलाडे यांनी ते इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली रक्तवाहिन्यांच्या पेशींत पाहिले. दोन वर्षांनी यामाडा यांनी पित्ताशयाच्या पेशींत पाहून त्यांना नाव दिलं कॅव्हिओला, म्हणजे छोटी गुहा. या गुहांच्या भिंतीत कोलेस्टेरॉल भरपूर असतं आणि कॅव्हिओलिन नावाचं प्रथिन त्यांना आकार देतं. पॅरिसच्या क्युरी इन्स्टिट्यूटमधल्या गटाने २०११ मध्ये दाखवलं, की पेशी ताणली गेली की हे खळगे उलगडून सपाट होतात, निऱ्या सुटाव्यात तसे, आणि त्यामुळे पटल फाटत नाही. पण माझ्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचं काम त्याआधीचं, १९९३ चं. जपानच्या तोयोशी फुजिमोतो यांना कॅल्शियम बाहेर फेकणारे पंप याच गुहांमध्ये दाटीने बसलेले सापडले. म्हणजे कॅल्शियमची यंत्रं पटलावर कुठेही विखुरलेली नव्हती. त्यांची वस्ती होती, पेठा होत्या.

कॅन्सरमध्ये या गुहांचं काय होतं? कॅव्हिओलिनचा स्वभाव दुतोंडी आहे. काही गाठींत सुरुवातीला ते कमी झालेलं दिसतं, जणू एक लगाम सुटला. पुढे पसरलेल्या आजारात, उदाहरणार्थ प्रोस्टेटच्या कॅन्सरमध्ये, तेच वाढलेलं सापडतं आणि पेशीला तग धरायला मदत करतं. 'कॅव्हिओलिन चांगलं की वाईट' असं कुणी विचारलं तर मी उलट विचारते, कुठल्या पेशीत आणि कधी?

आता ज्या दाराबद्दल मी त्या दिवाळीत बोलले ते दार. आतल्या कोठारातलं कॅल्शियम संपलं की पेशीला बाहेरून भरणा करावा लागतो. कोठार रिकामं झालंय हे पटलाला कळतं कसं, हा प्रश्न वीस वर्षं लटकलेला होता. २००५ साली उत्तराचा पहिला अर्धा भाग मिळाला. स्टिम नावाचं प्रथिन कोठाराच्या भिंतीत बसून आतल्या कॅल्शियमवर नजर ठेवतं. ते संपत आलं की अनेक स्टिम गोळा होतात आणि पेशीपटलाच्या अगदी जवळ, दहावीस नॅनोमीटरवर येऊन पटलातल्या दाराला टेकतात. दार उघडतं.

दुसरा अर्धा भाग, म्हणजे ते दार कोणतं, हे २००६ साली एका दुःखी घरातून कळलं. एकाच कुटुंबातली दोन मुलं अशी जन्मली की त्यांना रोगप्रतिकारशक्ती नव्हतीच. त्यांच्या पांढऱ्या पेशी होत्या, पण त्यांत कॅल्शियम आत येत नव्हतं, म्हणून त्या लढत नव्हत्या. हार्वर्डमध्ये स्टीफन फेस्के, अंजना राव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या कुटुंबाच्या जनुकांत शोध घेतला तेव्हा एका प्रथिनातला एकच दुवा बदललेला निघाला. त्या प्रथिनाला त्यांनी ओराय नाव दिलं. ग्रीक पुराणांत स्वर्गाच्या दारावर राखण करणाऱ्या देवतांचं हे नाव. आपण बसवलं असतं तर जय-विजय ठेवलं असतं.

तीन वर्षांतच, २००९ मध्ये, उंदरांवरच्या प्रयोगांतून आलं की स्तनाच्या कॅन्सरच्या पेशींतले ओराय आणि स्टिम कमी केले की त्या पेशींचं सरकणं आणि पसरणं कमी होतं. कारण समजायला सोपं आहे. पेशी सुरवंटासारखी सरकते. पुढचा पाय रोवायचा, मागचा सोडवायचा. मागचा पाय सोडवायला कॅल्पेन नावाची कात्री लागते, आणि ती कात्री कॅल्शियम मिळाल्याशिवाय चालत नाही. माझं दिवाळीतलं वाक्य इथून आलं होतं.

मग ओरायच बंद करून टाकावं, झालं! ऐकायला बरं वाटतं. पण त्या दोन मुलांना विसरून चालणार नाही. ओराय सगळीकडे बंद केलं तर कॅन्सरशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशीच आधी लुळ्या पडतील. दार तेच आहे. सैनिकाच्या घरालाही तेच, चोराच्या घरालाही तेच.

फ्रान्समध्ये ल्वार नदीकाठी तूर नावाचं गाव आहे. तिथल्या गटाने २०१३ मध्ये छापलेलं काम मला या सगळ्यात सर्वांत आवडतं. त्यांना आढळलं, की माणसाच्या कॅन्सरच्या पेशींत ओराय एकटं उभं नाही. पटलावरच्या त्या रवाळ तुकड्यांमध्ये त्याला एक शेजारी मिळाला आहे, एसके-३ नावाचं पोटॅशियमचं दार. कॅल्शियम आत आलं की एसके-३ उघडतं. पोटॅशियम बाहेर जातं, पेशीच्या आतली बाजू जास्त ऋणभारित होते आणि धनभारित कॅल्शियमला आणखी जोरात आत ओढते. त्याने एसके-३ पुन्हा उघडतं. दोघं शेजारी बसले की कोठार रिकामं असो नसो, कॅल्शियम झिरपत राहतं आणि पेशी चालत सुटते. दोन्ही प्रथिनं वेगवेगळी काही फार वाईट करत नव्हती. एका ओट्यावर येऊन बसली तेव्हा कट शिजला.

त्या गटाने मग ओमलाइन नावाचा एक स्निग्ध रेणू वापरला. तो दार बंद करत नाही, तोडतही नाही. तो पटलात शिरतो आणि या जोडीला त्या रवाळ तुकड्यातून बाहेर हलवतो. ओटा सुटला, आणि त्या जोडीमुळे होणारी कॅल्शियमची आवक घटली, पेशींचं सरकणं कमी झालं आणि उंदरांच्या हाडांमध्ये कॅन्सरच्या कमी गाठी रुजल्या. माणसांच्या गाठींतही आणि हाडांत पसरलेल्या आजारातही ही जोडी एकत्र सापडली. सांगते ते नीट ऐका मात्र: हे उंदरांत झालं आहे. ओमलाइन औषधाच्या दुकानात मिळत नाही, भाच्याला फोन करून मागवू नका.

इथे कुणीतरी हात वर करेलच: तो रवा कोलेस्टेरॉलचा ना? मग तूप बंद? नाही. प्रयोगशाळेत आम्ही सायक्लोडेक्स्ट्रिन नावाच्या साखरेच्या कड्यांनी पटलातलं कोलेस्टेरॉल उपसतो तेव्हा गुहा सपाट होतात, हे खरं. पण २०१६ मध्ये ऑस्ट्रियातल्या लिंझच्या गटाने दाखवलं, की कोलेस्टेरॉल स्वतः ओरायला चिकटून त्याला आवरून धरतं, आणि ते काढलं की त्या दारातून कॅल्शियम उलट जास्त येतं. एका जागी लगाम, दुसऱ्या जागी ओटा. शिवाय पेशी आपलं कोलेस्टेरॉल स्वतः बनवते आणि स्वतःच त्याचा हिशेब ठेवते. तुपाचं काय करायचं ते आपल्या हृदयाच्या डॉक्टरांशी बोला, माझ्याशी नको.

आणि आता ताईचा प्रश्न.

आपल्या शरीरात एक किलोच्या आसपास कॅल्शियम असतं, त्यातलं ९९ टक्के हाडांत आणि दातांत. रक्तात अगदी थोडं, पण ते थोडं शरीर जिवापाड सांभाळतं, दर शंभर मिलीलिटरला साधारण साडेआठ ते साडेदहा मिलिग्रॅम. गळ्यात थायरॉइडच्या मागे तांदळाच्या दाण्याएवढ्या चार ग्रंथी असतात, त्यांचं कामच हे. खाण्यातून कॅल्शियम कमी आलं की त्या हाडांना हुकूम सोडतात, काढा थोडं. म्हणजे ताईने दूध, गोळी, आंबील सोडली तरी तिच्या कुठल्याही पेशीच्या बाहेरचं कॅल्शियम कमी झालं नाही. ते नेहमीएवढंच राहिलं, फक्त तिच्या हाडांच्या खर्चाने. त्यात लेट्रोझोल इस्ट्रोजेन कमी करतं. ते तिच्या प्रकारच्या कॅन्सरसाठी हवंच, पण इस्ट्रोजेन हाडांचंही राखणदार असतं. म्हणून डॉक्टरांनी ती गोळी दिली होती, आणि म्हणूनच मनगट मोडलं.

दहा हजार वारकऱ्यांत पाचपन्नास कमी-जास्त झाल्याने गाभाऱ्याचं दार उघडत नाही. दार कोण उघडतं, कुठे उघडतं, त्याच्या शेजारी कोण बसलंय, आजार तिथे आहे. हे एवढं मला करंज्या लाटणाऱ्या बाईला सांगता आलं असतं. पाच मिनिटं लागली असती.

काही जणांना कॅल्शियम खरोखरच बंद करायला सांगतात, हेही लिहायला हवं. आजार हाडांत पसरला असेल तर कधीकधी रक्तातलं कॅल्शियम फार वाढतं, किंवा कुणाला मुतखड्याचा त्रास असतो. ते रक्त तपासून डॉक्टर ठरवतात. माझ्यासारखी सूक्ष्मदर्शकवाली ठरवत नाही.

ऑगस्टमध्ये मी सांगलीला गेले. लॅपटॉपवर एक चित्रफीत नेली होती. आमचा अगदी रोजचा प्रयोग आहे. स्तनाच्या कॅन्सरच्या पेशींत फ्युरा-२ नावाचा रंग भरतात. रॉजर त्सिएन यांनी १९८५ साली आणलेला हा रंग कॅल्शियमला चिकटला की वेगळा चमकतो. आधी बशीतलं कॅल्शियम काढून टाकायचं. मग भूमध्य सागराकाठच्या एका वनस्पतीतून मिळणारं थॅप्सिगार्जिन घालायचं. कोठारात परत भरणा करणारे पंप त्याने बंद पडतात आणि कोठार गळून रिकामं होतं. शेवटी बशीत पुन्हा कॅल्शियम घालायचं. संगणक निळ्या रंगात कमी आणि लालमध्ये जास्त दाखवतो. तो क्षण मी हजारदा पाहिला असेल, तरी दर वेळी श्वास धरते. निळ्या पेशी कडेकडेने पेटत जातात.

ताईने प्लास्टर काढलेला हात मांडीवर ठेवून ते पाहिलं. दोनदा पाहिलं. मग विचारलं, "हे माझ्यातलं आहे?"

"नाही गं. बशीतल्या पेशी आहेत. वर्षानुवर्षं लॅबमध्ये वाढवलेल्या."

"कुणाच्या तरी बाईच्याच ना पण?"

हो म्हटलं. बाईच्याच. तिने पदर सारखा केला आणि पडद्याकडे बघत राहिली. एकोणीस वर्षांत मी त्या पेशींबद्दल असा विचार फारसा केला नव्हता. आमच्या वहीत त्यांना नाव असतं, आकडा असतो, किती वेळा वाढवल्या त्याची नोंद असते.

"बाहेर कॅल्शियम घातल्यावर लाल झाल्या," ताई म्हणाली. माझी बहीण गणिताची मास्तरीण होती, तिला सहज फसवता येत नाही. "मग मी घेतलं तर माझ्याही नाही का होणार?"

प्रश्न अगदी बरोबर होता. म्हटलं, बशीत आम्ही आधी कॅल्शियम शून्य करतो, आणि पंप विष घालून बंद करतो. तुझं रक्त कधीच शून्य होत नाही. गोळी घेतलीस तरी ते तेवढंच आणि नाही घेतलीस तरी तेवढंच. फरक पडतो तो फक्त इथे, म्हणून तिच्या मनगटावर बोट ठेवलं. तिने हात मागे घेतला. अजून दुखत होतं.

"हे तेव्हाच सांगायचं नाही का?"

"चुकलंच माझं."

"भाचीसमोर शायनिंग मारत होतीस," ती म्हणाली, आणि उठून आत गेली. मला वाटलं रागावली. थोड्या वेळाने कुकरची शिट्टी झाली. पहिली, दुसरी, तिसरी. तिकडे डाळ तिसऱ्या शिट्टीला होते. जेवायला बसलो तेव्हा ताटाच्या डाव्या बाजूला, मीठ-लिंबाच्या पलीकडे, गोळीची पट्टी ठेवलेली होती. डॉक्टरांनी जेवणाबरोबर घ्यायला सांगितली आहे. दाजींनी पट्टी उचलून तारीख बघितली. दिवाळीआधीची होती ती, अजून चालत होती, पण त्यांनी संध्याकाळी नवी आणली.